पडद्यापुढची आठ मिनिटं

१४ जुलै २०२०, मंगळवार

पुन्हा लॉकडाऊन! मार्चमध्ये लोकांनी टॉयलेट पेपर साठवला होता. या वेळी थोडं शहाणपण साठवलं असेल असं वाटलं होतं. नाही. पुन्हा टॉयलेट पेपरच.

घराची वाटणी झाली आहे. हृषीकेशला बेडरूम, कारण त्याच्या मीटिंगांवर जग चालतं. ओवीला डायनिंग टेबल, कारण तिची चौथी तिथे भरते. मला गाडी, कारण मी 'इसेन्शियल'. मेलबर्नच्या या टोकाच्या टार्निटपासून होमपर्यंत, म्हणजे माझ्या वृद्धाश्रमापर्यंत, एरवी पन्नास मिनिटं लागतात, आता सव्वीस. साथीचा तेवढा एक फायदा. क्लेटनला अकाउंटिंगची मास्टर्स करायला आले होते, आणि आज वयस्कर माणसांना बिंगो खेळवते. हुद्दा मात्र झोकदार— लाइफस्टाइल कोऑर्डिनेटर! सांगलीत आई सगळ्यांना सांगते, 'सुमेधा तिकडे हेल्थमध्ये मॅनेजर आहे.' सांगू दे.

खरी मॅनेजर ग्लेनिस. तिने आज नवीन कल्पना काढली. नातेवाईकांना आत यायला बंदी, म्हणून त्यांना 'कनेक्टेड' वाटावं यासाठी प्रत्येक रेसिडेंटची जीवनकथा लिहून पाठवायची. दोनशे शब्द, एक फोटो, सूर पॉझिटिव्ह. लिहिणार कोण? जिला काही काम नसतं ती. सुरुवात नऊ नंबरच्या खोलीपासून. आर्टी पिंबल, वय एक्याण्णव, मूळचा इंग्लंडचा, तिथल्या व्हरायटी थिएटरांतला जुना विनोदवीर. 'ही इज सच अ हूट, यू विल लव्ह इट!' म्हणाली. मी दोन वर्षं त्या खोलीसमोरून पाय उचलून चालते, ते काय उगाच?

१६ जुलै, गुरुवार

नऊ नंबर. भिंतभर फोटो, कपाटावर टोप्यांचे तीन खोके, आणि मध्ये खुर्चीत हा, टाय बांधून. सकाळी साडेनऊला, कुठेही जायचं नसताना, जाण्याची परवानगीही नसताना— टाय!

'सुमेधा' त्याला झेपलं नाही, त्याने 'सू' केलं. मी 'मिस्टर पिंबल' म्हणाले तर म्हणतो, 'मिस्टर पिंबल माझे वडील. त्यांनाही कोणी मिस्टर म्हणत नसे.' हा विनोद असावा.

मग तो सुरूच झाला. गावोगावी खेळ असायचे, राहायला भाड्याच्या खोल्या, आणि त्या प्रत्येक खोलीची एक लँडलेडी. त्यातल्या एकीचा चहा म्हणे इतका पातळ की कपाच्या तळाला छापलेलं कारखान्याचं नाव वाचता यायचं. एवढं सांगून थांबला. माझ्याकडे बघत राहिला.

मी हसले नाही. उद्धटपणा नाही— जमतच नाही. माझा चेहरा जन्मापासूनच रेशनच्या रांगेत उभा असल्यासारखा आहे, आणि आता त्यावर मास्क. दुसरा एखादा ओशाळला असता. हा खूश! 'ओह, लव्ह! असा चेहरा साठ वर्षांत पाहिला नाही. तू फीड का नाही झालीस?'

फीड म्हणजे जोडीतला दुसरा माणूस. तो गंभीर चेहऱ्याने प्रश्न विचारतो आणि सगळा हशा पहिल्याला मिळतो. मी म्हटलं, लग्नाला बारा वर्षं झाली, तेच करते आहे. यावर तो हसला. मी विनोद केलाच नव्हता.

१७ जुलै

जीवनकथेची प्रगती— जन्म १९२९. त्यानंतर पुन्हा लँडलेडी.

२० जुलै, सोमवार

आज काहीतरी हाती लागलं. इंग्लंडमधल्या ओल्डम गावचा. आई सूतगिरणीत. पंधराव्या वर्षी घरातून निघून एका कंपनीत शिरला. व्हरायटी म्हणजे काय, हे त्याने अर्धा तास समजावलं. मी दोन शब्दांत लिहून घेतलं— विविध गुणदर्शन. आपल्या इथल्या मराठी मंडळात असतं तेच. एक गाणं, एक जादूगार, एक कुत्र्यांची सर्कस, एक बाई बशा फिरवणार. तिकीट लावून, रोज दोनदा.

याचं काम काय? मला वाटलं होतं, मुख्य विनोदवीर असेल. छे! हा पडद्यापुढचा. 'सू, बशावाल्या बाई गेल्या. पुढे झोपाळ्यावरचे कसरतवाले. त्यांचे झोपाळे टांगायला आठ मिनिटं लागतात. तेवढा वेळ पडदा बंद. मग लोकांनी काय करायचं? उठून बारमध्ये जायचं. ते जाऊ नयेत म्हणून मी.' पडदा आणि दिवे यांच्यामध्ये चार फुटांची पट्टी, तिथे उभं राहून बोलायचं. मागे हातोडे चाललेले, दोर ओढले जाताहेत, कोणीतरी शिव्या घालतोय. झोपाळे टांगून झाले की मागून फळीवर दोनदा टकटक. टकटक आली की वाक्य पुरं करायचं, टोपी उचलायची, बाजूला व्हायचं. सातव्या मिनिटाला दमलास तर थिएटर रिकामं. नऊ घेतलीस तर कसरतवाले मारायला उठतात. 'एट. नॉट नाइन.' हे त्याने तीनदा सांगितलं.

थोडक्यात, हा माणूस चौदा वर्षं दुसऱ्यांचं सामान हलेपर्यंत बोलला. दोनशे शब्दांत हे पॉझिटिव्ह कसं करायचं?

काय झालं कोणास ठाऊक, मी त्याला सातवी 'ब'चं गॅदरिंग सांगून बसले. बाईंनी मला पडद्यापुढे ढकललं होतं— 'मागे सेट बदलतोय, तू दोन मिनिटं काहीतरी बोल!' समोर आठशे माणसं. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. मागे वळून बघितलं. वळले तशी सगळी मागे बघायला लागली. मी पळाले, ती थेट पडद्यात. पडदा दांडीसकट खाली! मागे अर्धवट धोतर नेसलेले दोन मावळे. अशी काही हुर्यो उडाली! सलिल, माझा भाऊ, अजून दर राखीपौर्णिमेला फोनवर ते सगळं साभिनय करून दाखवतो. तेव्हापासून चार माणसांपुढे 'नमस्कार' म्हणायचं तरी मी दुसऱ्याला पुढे करते. बिंगोचे आकडेसुद्धा मी कागदात बघून वाचते.

आर्टी हसून हसून खोकला. मग एकदम शांतपणे म्हणाला, 'यू लुक्ड बॅक, लव्ह. तीच चूक. आपण मागे बघितलं की सगळे मागे बघतात.'

धन्यवाद. तीस वर्षं उशिरा मिळालेला सल्ला.

२३ जुलै

आजपासून रस्त्यावरही मास्कसक्ती. आर्टीचं म्हणणं, 'पूर्वी प्रेक्षक हसत नसत. आता हसतात की नाही तेही कळत नाही. प्रगती आहे.'

२७ जुलै, सोमवार

डोरीन गेली. बारा नंबर. पाच दिवसांपूर्वी पॉझिटिव्ह आली होती. रोज बिंगोत खोटं बोलायची. आकडा आला नसतानाही कार्डावर बटण ठेवून वर माझ्याकडे बघून डोळा मारायची. मी कधी पकडलं नाही. बक्षीस काय, तर एक चॉकलेट.

इथला नियम असा— ती काळी व्हॅन मागच्या अंगणात आली की विंगमधली सगळी दारं बंद करायची, ब्लाइंड्स खाली ओढायचे. प्रायव्हसी, डिग्निटी, पान क्रमांक अमुक. हेतू हा, की कोणाला कळू नये. आम्ही दोघीजणी कॉरिडॉरभर दारं लावत गेलो. खट, खट, खट. त्यापेक्षा लाऊडस्पीकरवरून जाहीर केलं असतं तर निदान आवाज सौम्य ठेवता आला असता.

चार नंबरच्या मार्जरीने बंद दाराआडून विचारलं, 'हू इज इट?'

मी म्हटलं, 'ड्रिल आहे, मार्जरी. नो वरीज.'

ती म्हणाली, 'इज इट डोरीन?'

मी पुढचं दार लावायला गेले. घरी येताना गाडीत रडले. रस्ते रिकामे असल्याचा हा दुसरा फायदा.

२८ जुलै

मार्जरी जेवत नाही. दार जरा ढकललं की दचकते. आर्टीने मला खोलीत बोलावून घेतलं. टाय, आणि आज टोपीसुद्धा. 'सू, कालचं फार वाईट झालं.' मला वाटलं, डोरीनबद्दल बोलतो आहे. 'तुम्ही पडदा पाडलात आणि पुढे कोणाला उभं केलं नाहीत! असं कोणी करतं?'

त्याची योजना ऐकून मी कपाळावर हात मारला. दहा नंबरपुढे कॉरिडॉरला घडीचं पार्टिशन आहे, पॉझिटिव्ह लोक त्याच्या पलीकडे. व्हॅन येणार मागे, माणूस जाणार मागच्या दाराने. तेवढा वेळ अलीकडच्या दारांत खुर्च्या टाकायच्या, सगळ्यांची तोंडं पार्टिशनकडे, पाठ खिडकीकडे. पार्टिशनपुढे तो उभा राहणार. 'आठ मिनिटं द्या मला. एकही दार लावावं लागणार नाही.'

ग्लेनिसला सांगितलं. ती म्हणाली, कोणी मरत असताना आपण कॉमेडी शो करायचा? मी म्हटलं, नेमकं तेव्हाच करायचा असं त्याचं म्हणणं आहे. तिने माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा! तिला वाटलं मी टोमणा मारते आहे. पॉलिसीचं पान काढून दाखवलं.

२ ऑगस्ट, रविवार

स्टेज फोर. रात्री आठनंतर संचारबंदी, पाच किलोमीटरची हद्द, कामावर जायला परमिट. हृषीकेशने माझं परमिट प्रिंट करून लॅमिनेट केलं आणि म्हणाला, 'सांभाळून जा गं.' इतकं प्रेमळ बोलला की मी घाबरलेच. ओवीला म्हटलं, ये, एक मिठी दे. 'आई, यू वर्क विथ जर्म्स.' दारातून हात हलवला.

४ ऑगस्ट

जीवनकथा, पुढे. टीव्ही आला आणि थिएटरं बंद पडत गेली. ज्या थिएटरात एका नाताळात खेळ केला, पुढच्या नाताळात तिथे गाड्या उभ्या. एकसष्ट साली बायकोला घेऊन बोटीने इकडे. बायको रीटा नाचणारी होती, ओळीत मागून तिसरी. इथल्या क्लबांत त्याने दोन वर्षं प्रयत्न करून पाहिला. लोक जेवता जेवता बघायचे, काटा खाली ठेवायचे नाहीत. मग बावीस वर्षं मेलबर्नच्या ट्रॅमवर कंडक्टर. 'तिथे बरं होतं. पुढचा स्टॉप येईपर्यंत प्रेक्षकांना उठून जाता येत नाही.'

हे मी लिहून घेतलं. हसले नाही, पण पेन थोडं थांबलं.

५ ऑगस्ट, बुधवार

आज आणखी एक. पुन्हा खट, खट, खट. मार्जरी आतून दार ठोकत राहिली. वाजवत नव्हती, ठोकत होती, मुठीने. 'नॉट मी! आय'म स्टिल हिअर!' दार उघडलं तेव्हा बोटांचे सांधे निळे पडले होते. तिला वाटलं, दार तिच्यावर लावलं. कायमचं.

ग्लेनिस मागेच उभी होती. निम्मा स्टाफ आयसोलेशनमध्ये, ती स्वतः सकाळपासून बेडपॅन उचलते आहे. मार्जरीचा हात हातात घेऊन बराच वेळ बसली. मग मला म्हणाली, 'एट मिनिट्स. मास्क, शील्ड, अंतर. आणि हे मी तुला कधी सांगितलेलं नाही.'

६ ऑगस्ट

अडचण. पार्टिशनच्या वरच्या अर्ध्या भागात काच आहे. पलीकडचं सगळं दिसतं. चादर लावली तर ती चादरच दिसते, आणि इथे पांढरी चादर कोणालाच नको आहे. शेवटी घरून गणपतीच्या डेकोरेशनचा पडदा आणला. लाल मखमल, सोनेरी झालर, सिडनीच्या हॅरिस पार्कहून मागवलेला, हृषीकेशचा जीव की प्राण. त्याला विचारलं नाही. तो ऑफिसच्या स्प्रिंट का काय त्यात होता.

आर्टीने मखमलीवरून हात फिरवला. झालर बोटांत धरून बघितली. गप्प बसलेला आर्टी मी पहिल्यांदा पाहिला.

७ ऑगस्ट, शुक्रवार

आज करावं लागलं. इतक्या लवकर.

दहा पंचवीसला व्हॅनचा फोन. दारादारात खुर्च्या. आर्टी वॉकर धरून पडद्यापुढे, फेस शील्डवर टोपी! अर्धी मंडळी बहिरी, त्यात याचा मास्क. मला बाजूला उभं केलं, हातात बिंगोचा माइक. काम एकच. तो म्हणेल ते पुन्हा मोठ्याने म्हणायचं आणि प्रत्येक वेळी विचारायचं, 'मग तुम्ही काय केलंत?' मला दुसरं काही येत नाही हे त्याला माहीत होतं.

लँडलेडी. पातळ चहा. कपाच्या तळाचं नाव वाचता यायचं.

'मग तुम्ही काय केलंत?'

'वाचत बसलो. गावात तेवढीच लायब्ररी होती.'

सहा नंबरमधून कोणीतरी फिसकन हसलं. मग कुत्र्यांची सर्कस. एकदा सर्कस संपली, पडदा पडला, आणि एक कुत्रं चुकून पडद्यापुढेच राहिलं, याच्या शेजारी. याने दोन विनोद सांगितले, कोणी हसलं नाही. कुत्र्याने जांभई दिली, थिएटर कोसळलं!

'मग तुम्ही काय केलंत?'

'पुढच्या आठवड्यात पोस्टर आलं. कुत्र्याचं नाव माझ्या वर.'

मार्जरी हसली. तोंडावर निळसर हात ठेवून, खांदे हलेपर्यंत हसली. आणि पडद्यामागे त्याच क्षणी ट्रॉलीची चाकं उंबऱ्यावर अडखळलेली मी ऐकली. माझी मान वळायला लागली. आर्टी माझ्याकडे न बघता, ओठ न हलवता पुटपुटला, 'फ्रंट, लव्ह.' मी समोर बघितलं.

व्हॅन निघाली तशी, ठरल्याप्रमाणे, पलीकडच्या नर्सने मागून पार्टिशनवर दोनदा टकटक केली. त्याने वाक्य पुरं केलं, टोपी उचलली. मी घड्याळ बघितलं. आठ मिनिटं! या माणसाच्या खोलीतलं घड्याळ मार्चपासून बंद आहे.

एकही दार लावलं नाही. मार्जरीने दुपारी कस्टर्ड खाल्लं. दोन वाट्या.

१३ ऑगस्ट

दुसऱ्यांदा. तीच लँडलेडी, तेच कुत्रं. लोकांना चालतं. अर्ध्यांना आठवत नाही आणि उरलेल्यांना आठवतं म्हणून आवडतं. आता त्यांना कळतं का, की पडदा लागला म्हणजे मागे काय चाललंय? मला वाटतं, सगळ्यांना कळतं. तरी समोर बघतात.

१८ ऑगस्ट

तिसऱ्यांदा. आज मी 'मग तुम्ही काय केलंत?' विचारायला एक क्षण उशीर केला आणि हशा दुप्पट आला. मी मुद्दाम केलं होतं. कोणाला सांगितलेलं नाही.

२२ ऑगस्ट, शनिवार

गणेश चतुर्थी. 'पडदा कुठाय?' हृषीकेशने अख्खं गराज उपसलं. मी सांगितलं, कामावर आहे. 'कामावर? बाप्पाचा पडदा? मृत्यू झालेल्या ठिकाणी?' मी म्हटलं, बाप्पा विघ्नहर्ता ना, मग विघ्न असतं तिथेच लावलाय. बाप्पाच्या मागे या वर्षी ओवीची युनिकॉर्नची चादर. ओवी भलतीच खूश. 'बेस्ट गणपती एव्हर!'

संध्याकाळी झूमवर मंडळाचं विविध गुणदर्शन. हृषीकेश निवेदक. कथकचा व्हिडिओ अडकला. ऐंशी चौकोनांत ऐंशी कपाळं, आणि शांतता. गुरुदत्तकाका, मंडळाचे अध्यक्ष, म्हणाले, 'अहो, तोवर कोणीतरी काहीतरी बोला.' हृषीकेशने माझ्याकडे बघितलं. मी कॅमेरा बंद करून मोदक वाफवायला गेले. दुसऱ्याच्या शेजारी उभं राहून एकच वाक्य बोलणं वेगळं. एकटीने? नाव नको!

२७ ऑगस्ट

आर्टीने आज खोक्यातून एक पोस्टर काढून दाखवलं. १९५४. वर ठळक नावं, मग मध्यम, मग बारीक. मी खालपर्यंत गेले, सापडेना. त्याने बोट ठेवलं. अगदी तळाला, छापखान्याच्या नावाच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरांत. आर्टी पिंबल.

माझ्या तोंडावर आलं होतं, कुत्र्याचं नाव खरंच वर आहे की! नाही बोलले.

तो म्हणाला, 'चौदा वर्षांत एकही माणूस मला बघायला आला नाही, सू. सगळे मागे जे होतं ते बघायला यायचे.' पोस्टरची घडी घातली. 'बट नोबडी लेफ्ट. तेवढं लिही.'

पर्थहून मुलाचा, कॉलिनचा व्हिडिओ कॉल होता. तिकडच्या राज्याची सीमा बंद, येऊ शकत नाही. बापाशी दहा मिनिटं हवामानावर बोलला. मग मला बाजूला घेऊन म्हणतो, 'डॅड विनोद सांगून लोकांना त्रास देत नाही ना? ही वॉज नेव्हर दॅट फनी, यू नो.' मी म्हटलं, 'इथे त्याच्याशिवाय चालत नाही.' आणि आवाज असा काही निघाला माझा, की तो चपापला.

हा म्हातारा मला आवडायला लागला आहे. लिहून टाकलं. आता मोकळी झाले.

२ सप्टेंबर, बुधवार

नऊ नंबर पॉझिटिव्ह.

३ सप्टेंबर

त्याला पलीकडे हलवलं. अकरा नंबर. व्हीलचेअरवरून पार्टिशनमधून नेताना म्हणाला, 'सत्तर वर्षांनी पडद्यामागे एन्ट्री मिळाली! बघू तरी, हे लोक एवढा वेळ काय करत होते.' मार्जरी दारातून टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं हाही आयटमच.

मी हसले. मास्कच्या आत, आवाज न करता. त्याने बघितलं का, माहीत नाही.

६ सप्टेंबर, रविवार

सुट्टी होती तरी गेले. गाऊन, ग्लोव्ह्ज, गॉगल, शील्ड. आरशात स्वतःला ओळखलं नाही. त्याने एका क्षणात ओळखलं. 'तो चेहरा? तो गॉगलमधून पण दिसतो.'

ऑक्सिजनची नळी. टाय नाही. टाय नसलेला आर्टी फार छोटा दिसतो.

विचारलं, 'पुढच्या वेळी कोण उभं राहणार?' मी म्हटलं, कोणी नाही, आता दारंच लावू. त्याने डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, 'मार्जरी पुन्हा ठोकेल.'

मी म्हटलं, मला जमणार नाही. सातवी 'ब' सांगितली होती ना? शब्द येत नाहीत, मी पळून जाते. त्याने माझा ग्लोव्ह घातलेला हात धरला. दम लागत होता, एकेक शब्द सुटा. 'शब्द आहेत तुझ्याकडे. माझे. सगळे. पाठ आहेत की नाही?' मी मान हलवली. 'आठ मिनिटं. मागे बघायचं नाही. बस.'

८ सप्टेंबर, मंगळवार

जीवनकथा ग्लेनिसकडून तपासून आली. 'सुप्रसिद्ध विनोदवीर' तिने घातलंय. पोस्टरची गोष्ट काढून टाकली आहे, सूर पॉझिटिव्ह राहावा म्हणून. मी आर्टीला वाचून दाखवली. ताप खूप आहे, ऐकतोय की नाही कळेना. शेवटी डोळे उघडले. 'सुप्रसिद्ध' काढायला सांगितलं. त्याऐवजी घाल म्हणाला, 'कोणी उठून गेलं नाही.'

घातलं. ग्लेनिसला विचारलं नाही.

घरी आल्यावर गाडीतच बसून राहिले. हृषीकेश बाहेर आला, काचेवर टकटक केली. दोनदा. मी इतक्या जोरात रडायला लागले की त्याने संचारबंदी, जर्म्स, सगळं विसरून दार उघडलं आणि मला जवळ घेतलं. त्याला काही माहीत नाही. 'काय झालं?' एवढंच विचारलं. बरा फीड आहे.

१० सप्टेंबर, गुरुवार

दहा चाळीसला व्हॅन आली. मागून त्याला नेत होते. एकही दार लावलं नाही.

पडद्यापुढे मी एकटी. टोपी त्याची, मला मोठी होते. लँडलेडी सांगितली, पातळ चहा सांगितला, आणि थांबले, कारण पुढचा प्रश्न विचारायला शेजारी कोणी नव्हतं. चार नंबरच्या दारातून मार्जरीने विचारला— 'मग तुम्ही काय केलंत?'

मागे बघितलं नाही. आठव्या मिनिटाला दोनदा टकटक आली.

मी नववं मिनिट घेतलं.